अर्धं दाबलेलं बटण

बाबा गेल्यापासून तीन आठवडे त्यांचा टॉर्च माझ्या पर्समध्ये होता आणि मी तो एकदाही लावला नव्हता. बोटभर लांबीचा, काळा, मागच्या टोकाला रबरी बटण. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कमीजास्त उजेडाचा, विझवताना ज्या उजेडावर असेल तोच पुढच्या वेळी देणारा टॉर्च त्यांनी मुद्दाम शोधून आणला होता, कारण त्यांना कायम सर्वांत मंद उजेड लागायचा. लोखंडाला नाक लावून काम करताना उजेड जास्त झाला की दिसेनासं होतं, म्हणायचे. त्यांनी शेवटचा ठेवलेला तो मंद उजेड आत तसाच होता. दुसऱ्या कुणी बटण दाबलं की तो जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी आईला माझ्याकडे न्यायला आले होते. ती तयार नव्हती. भाजी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता दोन दिवस आमचा तोच वाद चालला. तिचं म्हणणं, हातपाय धड आहेत, शेजार आहे, तुझ्या अकराव्या मजल्यावर येऊन कबुतरं मोजू का? माझं म्हणणं, घरातली निम्मी कामं बाबा करायचे, ती आता कोण करणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने इस्त्री लावली आणि पंखा थांबला. शेजारचा फिरत होता. म्हणजे आमचाच खटका पडला होता.

मीटरची पेटी जिन्याखालच्या कोनाड्यात, भर दुपारीही काळोखात. आजवर तिथे बाबाच जायचे. मी बघते म्हणेपर्यंत आईने चपला घातल्या होत्या.

"ह्यांचा टॉर्च दे."

तिला माहीत होतं तर. मी मोबाइल पुढे केला.

"तो तुझ्याबरोबर जाईल," ती म्हणाली.

टॉर्च दिला. खाली जाऊन तिने बटण दाबलं. बाबांचा मंद उजेड पेटीवर उमटला आणि बोट उचलताच विझला. पुन्हा दाबलं, तर जरा मोठा. तोही विझला. तिसऱ्यांदा प्रखर उजेड पांढऱ्या पेटीवरून उसळून तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत गेला. चौथ्यांदा टॉर्च लुकलुकायला लागला.

"ह्यांच्याशिवाय ऐकत नाही मेला," असं म्हणून तिने तो माझ्यापुढे धरला. "बरोबर आहे तुझं. नाही जमायचं मला."

मी नुसती गप्प राहिले असते, तर ती माझ्याबरोबर आली असती.

"आई, तू बटण अर्धंच दाबतेयस," मी म्हटलं. "अर्धं दाबलं की बोट असेपर्यंतच उजेड. लगेच परत दाबलं की पुढचा. टिक वाजेपर्यंत दाब."

"मोडेल."

"नाही मोडत."

"चाळीस वर्षं ह्यांना म्हणत आले, हळू, जरा हळू. आता ह्यांच्याच वस्तूला दणका देऊ?"

पण दिला. टिक वाजलं आणि मंद उजेड लागला, तो लागूनच राहिला. बाबांचा. कुठे गेलाच नव्हता. लुकलुकण्यानंतर रांगेत परत त्याचाच नंबर होता, हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं.

"ह्यात मला डोंबल दिसतंय," आई म्हणाली. मी प्रखर ठेव म्हटलं, तर माझ्याकडे लक्षही न देता तिने उघडझाप करून मधला लावला. पेटीवरची अक्षरं बोटाने वाचली आणि खटका वर केला. वरून फ्रिजची घरघर ऐकू आली.

टॉर्च तिने विझवला, थोडं थांबून पुन्हा लावला. मधलाच लागला.

"राहतं की ह्याच्या लक्षात."

घरात येऊन तिने टॉर्च दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. इस्त्रीच बिघडलेली दिसते, ती आता लावू नकोस, असं मी बजावून सांगितलं. मग आत जाऊन बॅग उघडली. तिच्या दोन साड्या मी परवाच त्यात भरून ठेवल्या होत्या. त्या काढत होते, तेवढ्यात पंखा पुन्हा थांबला.

"आई, लावलीस ना?"

मी बाहेर आले. खिळा रिकामा होता. जिन्याखालून टिक असा आवाज आला, आणि जरा वेळाने डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.