अंजिरी साडीतला दाखला

ठाकुर्लीच्या प्रीतमला त्या दिवशी अकरा वाजता ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत शाळा सोडल्याचा मूळ दाखला दाखवायचा होता. दाखवला तर नोकरी, नाहीतर यादीतल्या पुढच्याचं नशीब. सकाळी आठला त्याने कपाट उघडलं. दाखला नव्हता.

“आई, दाखला कुठाय?”

“अंजिरी साडीच्या घडीत. मीच ठेवलाय, हरवू नये म्हणून.”

त्या घरात गॅसचं पुस्तक, पॉलिसी, पत्रिका, सगळं साड्यांच्या घड्यांत नांदायचं. फाइलवर आईचा विश्वास नव्हता. फाइल कोणीही उघडतं, साडी उघडायला कारण लागतं.

“आणि अंजिरी साडी कुठाय?”

आईने दारामागे टांगलेल्या नव्या पिशवीकडे पाहिलं.

गेले चार दिवस ती मोबाइलवर बघून बघून गोधडीसारख्या टिपा मारलेली पिशवी शिवत होती. बाहेरून फुलाफुलांचं कापड, आतून अस्तर, मध्ये फोम. पण फोम आणणार कोण? “घरात साड्या कुजतायत आणि मी स्पंज विकत आणू?” म्हणत तिने जुनी साडी घडीसकट मध्ये सारली. जाडी आयती बरोबर होती, घडी कशाला मोडायची? मशीनने दोन सुया मोडून निषेध नोंदवला, तो कोणी ऐकला नाही. पिशवी दाबली की पापडासारखी वाजायची. प्रीतमने विचारलेलंही. “खळ आहे ती,” आई म्हणालेली, “धुतली की जाईल.”

“धुतली नाहीस ना?” प्रीतमने आता विचारलं.

“आज धुणार होते.”

त्याने कात्री उचलली. आईने पिशवी छातीशी धरली.

“कापायची नाही. टिपा बघ, एक तरी वाकडी आहे का? उसवायची.”

“अगं, सव्वाआठ झालेत.”

“मग बसने जाऊ. वाटेत उसवते. ट्रेनमध्ये कोपर हलत नाही.”

अशा रीतीने चोवीस वर्षांचा उमेदवार आईला आणि पिशवीला घेऊन नोकरीला निघाला. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय करताय?”

“मुलाची नोकरी काढतेय यातून,” आई म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

शीळफाट्याला बस अडकली. त्या चौकाला प्रीतमने आजवर भरपूर शिव्या दिलेल्या. आज मात्र त्याला कळेना, गाडी सुटावी म्हणून देवाला हाक मारावी, की अजून सहा टिपा होईतो थांबावी म्हणून. त्याने दोन्ही मागितलं. देवालाही वैताग आला असणार.

ठाण्यात उतरताना दाखला निघाला. त्यावर आडव्याउभ्या भोकांच्या रांगा होत्या. जरा ओढला असता तर पोस्टाच्या तिकिटांसारखे तुकडे पडले असते.

पडताळणीच्या टेबलावर मेघना मॅडम होत्या. त्यांनी दाखला उजेडासमोर धरला, तसे त्यांच्या कपाळावर बारीक ठिपके पडले.

“हे काय आहे?”

“ओरिजिनल, मॅडम. मध्यंतरी पिशवीत शिवला गेलेला.”

“जन्मतारखेवरून टीप गेलीय. तीन आहे की आठ?”

“आठ,” मागून आई म्हणाली. “मी होते तिथे.”

मॅडमनी फाइलमधली झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. बराच वेळ पाहिलं. “आठच आहे. पण झेरॉक्सवर भोकं नाहीत. प्रत मुळासारखी हवी. नवीन काढून आणा.”

प्रीतम खाली जाऊन भोकांची झेरॉक्स काढून आला. मॅडमनी दोन्हींवर बोट फिरवलं, समाधान झालं, शिक्का मारला. नोकरी पक्की.

परतीच्या बसमध्ये आईने अंजिरी साडी मांडीवर पसरली, नीट घडी घातली आणि हात पुढे केला.

“आण इकडे. ठेवते.”

“आई.”

“काय आई? हरवला का? सांग, हरवला का?”

प्रीतमने शीळफाट्यापर्यंत दाखला खिशात दाबून धरला. मग त्याने तो दिला, आणि घर येईपर्यंत त्या साडीचा काठ मुठीत घट्ट धरून बसला.