एकोणऐंशी हजर, एक गैरहजर

खुलताबादच्या त्या ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सच्या पटावर ऐंशी विद्यार्थी होते. वर्गात कमरुन्निसा होती. बाकीचे एकोणऐंशी संभाजीनगरला क्लासेसमध्ये डॉक्टर-इंजिनिअर होत होते. कॉलेजात त्यांची फक्त नावं शिकायची.

रामकिसन सर हजेरी मात्र पूर्ण घेत. नाव पुकारायचं, क्षणभर थांबायचं, ‘ह’ लिहायचा. एकतीस नंबरला तेवढं “हजर, सर” ऐकू यायचं. मग फळा भरून सर विचारत, “समजलं का सगळ्यांना?” कमरुन्निसा सगळ्यांच्या वतीनं मान डोलवायची.

दिवाळीनंतर तिची अम्मी संभाजीनगरला घाटी रुग्णालयात भरती झाली. जवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. दोन महिने एकतीस नंबरपुढं ‘गै’ लागत गेला. ती खरंच येत नव्हती, आणि सर प्रामाणिक होते.

घाटीत नर्सबाईंच्या मागंमागं फिरून तिनं नर्सिंगला जायचं पक्कं केलं. त्याला बारावी सायन्स लागतं. आणि जानेवारीत तिचंच हॉल तिकीट अडलं.

“पंचाहत्तर टक्के हजेरी लागती,” क्लार्क कारभारी म्हणाला. “तुझी सत्तर हाय.”

“बाकीच्यांची किती, भाऊ?”

“शहाण्णव. शंभर दिली की तपासणीवाल्यांना शंका येती.”

“पण ते तर एकदाबी आले नाय!”

“तेच म्हंतो मी. तू यायलाच नको होतं, पोरी.”

सरांनी रजिस्टर पाहिलं. “खाडाखोड होणार नाही. खोटं काम आपल्याला जमत नाही,” असं म्हणून त्यांनी चाळीस जादा तास लावले, सकाळ-संध्याकाळ. त्यातही ऐंशी नावं पुकारली गेली. एकोणऐंशी जण तिथंही न चुकता हजर राहिले.

तिकीट मिळालं. पहिल्या पेपरला वर्ग प्रथमच भरला. शेजारच्या बाकावर बत्तीस नंबर येऊन बसली. तिचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, कमरुन्निसाला सगळं पाठ होतं.

“तू बाहेरून बसतीयेस का गं?” बत्तीस नंबरनं विचारलं. “नाही, आपल्या कॉलेजात कधी दिसली नाहीस.”

कमरुन्निसा काही बोलणार, तोवर पर्यवेक्षकांनी नावं पुकारायला सुरुवात केली. तिनं आपली हजेरी दिली. पुढचं नाव आलं, आणि सवयीनं ती क्षणभर थांबली.

“हजर, सर,” शेजारून कुणीतरी म्हणालं.

ती केवढी तरी दचकली.