चार नावांचा लाकडी संत

मित्रांनो, मी तांबूस लाकडाचा, वीतभर उंचीचा एक जुना पुतळा आहे. कुणाचा पुतळा, हे लगेच विचारू नका. त्याच एका प्रश्नाने आयुष्यभर माझा जीव खाल्ला आहे.

पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या एका कॉफीच्या वस्तीत कुणीतरी मला सुरीने कोरले. कोणी, ते आठवत नाही. लाकडाला शुद्ध जरा उशिराच येते. माझी पहिली आठवण वादळाची आहे. घराचे छप्पर उडाले, मी चिखलात पालथा पडलो आणि माझे दोन्ही हात कोपरापासून मोडले. लोकांनी उचलून पाहिले तर झुकलेली मान आणि अंगात लांब झगा. "संतच असणार कुणीतरी!" असे म्हणत त्यांनी मला धुतले, फुटलेल्या जागा लुकणाने भरल्या, नवे हात बसवले आणि कोनाड्यात उभे केले.

आमच्याकडे संताला नवस बोलतात आणि फेडताना त्याला नव्याने रंगवतात. माझ्यावर रंगाचे थर चढत गेले आणि दर थराला नावही बदलत गेले. आधी हातात बाळ येशू दिला आणि मी संत अंतोनियो झालो. हरवलेल्या शेळ्या आणि पळालेले नवरे शोधून देण्याचे काम गळ्यात पडले. एका बाईची शेळी सापडली पण नवरा काही सापडला नाही, म्हणून बाळ काढून घेतले. मग पावसासाठी मला शेतकऱ्यांचा संत इसिद्रो केले. पुढे साथ आली तेव्हा पायाशी कुत्रा चिकटवला आणि संत रोके म्हणून माझ्यापुढे मेणबत्त्या लावल्या.

स्तुती कुणाला आवडत नाही? पण दुसऱ्याच्या नावाची स्तुती अंगाला टोचते. तापलेल्या लेकरासाठी एखादी आई माझ्याकडे डोळे लावून बसली की ओरडून सांगावेसे वाटे, 'बाई, मी तो नव्हे!' मग मी कोण? तेही ठाऊक नव्हते. लोक निजत आणि मी आतल्या आत तळमळत राही.

फिरत फिरत मी दोन्या ओब्दुलियाच्या घरी आलो. 'दोन्या' हे आमच्याकडे थोर बाईला मानाने लावतात. ही बाई कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. तिच्या नातवाचा बाप्तिस्मा ठरला होता. पोराचा घसा नाजूक, म्हणून मला घशाचा संत ब्लास करून घ्यायचे तिने ठरवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेरेइदाकडे आणले.

वस्तीत पुतळे रंगवणारी नेरेइदा एकटीच होती. वय तिशीचे, हात गुणी, पण चित्त कधी थाऱ्यावर नाही. तान्ही असताना ती चर्चच्या पायरीवर टोपलीत सापडली. झाडलोट करणाऱ्या एका म्हातारीने तिला वाढवले आणि तीही पुढे वारली. आमच्या डोंगरात भेटल्याबरोबर पहिला प्रश्न असतो, 'तू कोणाची?' नेरेइदा तेव्हा चपलेकडे बघत राही.

ओब्दुलियाने मला टेबलावर आपटले.

"याला ब्लास कर. हातात दोन मेणबत्त्या दे. आणि सून म्हणते, धर्ममाता तूच हवीस. ऐकलंस का?"

"ऐकलं."

"जिला आपला बाप माहीत नाही, ती माझ्या नातवाला देवबापाकडे नेणार? बरं दिसतं का ते?"

"मग सुनेला सांगा ना, दोन्या. मला कशाला?"

"तिला सांगून माझं तोंड दुखलं. तूच आपण होऊन नाही म्हण."

नेरेइदाला नाही म्हणायचे नव्हते. ते बाळ तिच्या मांडीवर खेळलेले होते. पण बाप्तिस्म्यात बाळाला हातावर धरणाऱ्या धर्ममातेचा स्वतःचा बाप्तिस्मा आधी झालेला लागतो आणि नेरेइदाच्या बाप्तिस्म्याची तर कुठे नोंदच नव्हती. पाद्री आन्सेल्मो म्हणाले, आधी तुझा करून टाकू. त्यांनी दिलेला कागद आठ दिवस रंगाच्या डब्याखाली पडून राहिला. त्यात वडिलांच्या नावाची जागा होती.

"तिथे रेघ मार आणि ये," पाद्री दारातून म्हणाले. "पाण्याला आडनाव लागत नाही."

"पाण्याला नसेल लागत, पाद्री. लोकांना लागतं."

ते गेल्यावर तिने सगळा राग माझ्यावर काढला. सुरी घेऊन ती मला खरवडू लागली. कुत्रा उडाला. रोके गेला, इसिद्रो गेला, अंतोनियो गेला. मला भीती वाटू लागली, की खाली कुणीच निघाले नाही तर? मग तिने मला पालथे केले. पाठीवरच्या लुकणाचा पोपडा निघाला आणि तिची सुरी थांबली.

माझ्या पाठीवर एक हात होता. माझा नव्हे. रुंद, राकट, पाची बोटे पसरलेला आणि मनगटाशी तुटलेला.

ती मला छातीशी धरून चर्चकडे धावली. पाद्रींनी मला बराच वेळ उलटसुलट पाहिले.

"हा संत नाही गं. हा तो उधळ्या मुलगा. घर सोडून गेला, सगळं उडवलं, डुकरं राखली आणि तोंड लपवत परत आला. माफी मागून पुरी व्हायच्या आत बापाने धावत जाऊन मिठी मारली, तो हा."

मित्रांनो, मला लाज वाटली. इतकी वर्षे मी संतांच्या मेणबत्त्या खाल्ल्या होत्या!

"मग बाप कुठाय याचा?" नेरेइदाने विचारले.

"तुटला असेल एखाद्या वादळात."

"म्हणजे हाही बापाशिवायच."

"हात नीट बघ. तो चिकटवलेला नाही. दोघं एकाच लाकडातून कोरलेत. हा हात काढायचा तर पोराची पाठच फोडावी लागेल."

नेरेइदा पायरीवर बसून रडली. मीही रडलो असतो, पण माझे डोळे रंगाचे होते आणि ते तिने खरवडून टाकले होते. घरी येऊन तिने त्या रिकाम्या जागेत रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रींनी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतले. त्यांनी तिला फक्त तिचे नाव विचारले. ते तिने चांगले खणखणीत सांगितले.

शनिवारी ओब्दुलिया ब्लासला न्यायला आली. मी उघड्या लाकडाने, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आमच्याकडे नवसाला न पावणाऱ्या संताला अशी शिक्षा करतात.

"अगं, याने काय गुन्हा केला? आणि रंग कुठाय?"

"गुन्हा नाही, दोन्या. त्याची पाठ दिसावी म्हणून ठेवलाय." मग नेरेइदाने तिला सगळे सांगितले.

ओब्दुलियाने चष्मा लावला. तिने आपले जाड बोट त्या हातावरून फिरवले.

"माझा घशाचा संत गेला म्हणायचा," ती म्हणाली. "रंग नको लावूस. असाच बांधून दे."

दारात जाऊन ती पुन्हा वळली. "उद्या लवकर ये. धर्ममातेच्या हातात द्यायच्या आधी पोराला पाजायला हवं. भुकेला असला की तो कुणाचं ऐकत नाही."

आता मी तिच्या कोनाड्यात पाठमोरा उभा असतो. अगदी निवांत झालो, असे म्हणणार नाही. वाऱ्याने छप्पर वाजले की अजून धडकी भरते आणि बापाचा चेहरा पाहण्याची ओढ काही केल्या जात नाही. पण आता कुणी मला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत नाही. मित्रांनो, जुना पुतळा हाती आला तर रंगाचा डबा उघडण्याआधी तो फिरवून बघा. आणि आडनावावाचून कुणी तुमच्या दारी आले तर उंबऱ्यावर चौकशी करत बसू नका. त्याला आत घ्या आणि घरच्यासारखे जेवायला वाढा.