दोनशे चौदाचा खिळा

माझ्या मुलीचं, मोनिकचं, समुद्राकाठी घर आहे आणि त्यात माझ्यासाठी एक खोली आहे. दोन वर्षं ती रिकामी पडून आहे. खिडकीतून बोटी दिसतात म्हणे. आणि मी बसलेय इथे, उत्तर फ्रान्सातल्या एका बंद पडलेल्या कोळसाखाणीत, दिव्यांच्या खोलीच्या खिडकीत. समोर दिसतो तो काळा ढिगारा.

आता याला संग्रहालय म्हणतात. इथे खाणकामाला आलेल्या आम्हा पोलिश लोकांच्या घरची निम्मी अडगळ इथे काचेत गेलीय: जेवणाचे पत्र्याचे डबे, कितीही धुतले तरी काळेच राहिलेले गळपट्टे, आईची कोबी किसायची किसणी. लोक येतात, हळहळतात, फोटो काढतात आणि जातात. मला मात्र जाता येत नाही. कारण एक खिळा.

खाली उतरताना माणूस या खिडकीतून दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बरोबर न्यायचा. वर आला की बिल्ला परत द्यायचा आणि तो भिंतीवरच्या फळीवर, त्याच्या खिळ्याला लागायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. शेवटचा बिल्ला येईपर्यंत दिवेवाल्यानं खिडकी सोडायची नाही, हा नियम. माझे वडील, आमचे ताता, दिवेवाले होते.

अठ्ठेचाळीस सालच्या मार्चमध्ये पाळी सुटता सुटता खाली आग लागली. माणसं जीव घेऊन वर आली, भराभर बिल्ले लागले. एकच खिळा रिकामा राहिला. ताता खिडकीतून ओरडले, "दोनशे चौदा वर आलेला नाही!" ते ऐकून माझा भाऊ लुडविक परत खाली गेला. एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी त्याला वर आणलं. दोनशे चौदा मिळालाच नाही, आणि तो बोगदा विटा रचून बंद केला.

पुढे खाणसुद्धा बंद झाली, पण ताता रोज इथे येऊन बसत. मरताना माझं मनगट धरून म्हणाले, "तेओफिला, तो येईपर्यंत आपल्यातल्या कुणीतरी बसायचं. नाहीतर आपला लुडविक कशासाठी गेला?"

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? त्या एका होला वीस वर्षं झाली.

इथला रखवालदार लहसेन मोरोक्कोहून आलेला, याच भागातल्या शेवटच्या खाणकामगारांपैकी. तो रोज माझ्या मागे लागतो.

"ताई, किल्ली द्या आणि सुटा एकदाच्या. मी बसतो ना."

"तू बसशील आणि दुपारी घोरशील."

"घोरेन की! खिळ्याची झोपमोड होणारे का?"

गेल्या गुरुवारी पोलंडहून एक बाई आली. माझ्याहून थोडी लहान, नाव दानूता. बोलली आमच्याच भाषेत, पण तिची भाषा नवीकोरी. आमची पेटीत ठेवल्यासारखी, आजीच्या वेळची. तिनं खसखशीचा केक आणला होता आणि रुमालात बांधलेलं काहीतरी.

"बाबांची वस्तू आहे. म्हटलं, तुमच्याकडे राहिलेली बरी," ती गाठ सोडत म्हणाली. "बारा वर्षं होते ते इथे. निघताना आठवण म्हणून खिशात टाकून आणली. दर नाताळला झाडावर लावायचे. म्हणायचे, ‘तो दिवेवाला माझ्या नावानं नुसता बोंबलला असेल!’ आणि हसत सुटायचे."

पितळेवर आकडे होते: दोन, एक, चार.

मी मनातल्या मनात सगळं जुळवलं. अठ्ठेचाळीस साली पोलंडला परतणाऱ्यांच्या गाड्या सुटत होत्या, आणि जाणाऱ्याला ‘लाल झाला’, कम्युनिस्टांना मिळाला म्हणून वस्ती टोमण्यांनी सोलून काढायची. म्हणून दानूताच्या बापानं, या फेलिक्सनं, कुणाला सांगितलंच नव्हतं. पाळी सुटताच पहिल्या पाळण्यातून, खाणीच्या लिफ्टमधून, वर आला, खिडकी चुकवली, स्टेशनवर गेला. आग लागली तेव्हा हा गाडीत बसून भाकरी खात असणार. माझा भाऊ धुरात त्याला हाका मारत होता, आणि हा पुढे चाळीस नाताळ हसला! मला त्याला थडग्यातून ओढून काढून या फळीपुढे उभा करावासा वाटला.

पण दानूताचा चेहरा इतका भाबडा होता. तिला काहीच ठाऊक नव्हतं. फळीवर नावं नाहीत, नुसते नंबर आहेत.

लहसेन झाडता झाडता थांबला होता. त्याला पोलिश कळत नाही, आकडे कळतात. तो फ्रेंचमध्ये हळूच म्हणाला, "लावा, ताई. लावा आणि जा पोरीकडे."

त्याचं खरंच होतं. हात वर करायचा, खिडकी ओढून घ्यायची, संपलं. मोनिकच्या खोलीतल्या बोटी मला अगदी समोर दिसल्या. मी फळीपाशी गेलेसुद्धा. पण तो खिळा भरला की दोनशे चौदा कधी खाली नव्हताच. मग तातांनी पोराला रिकाम्या बोगद्यात पाठवलं, आणि लुडविक कुणासाठीच गेला नाही. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो आला, आणि त्यानंच माझ्यावर बाहेरून कडी घातली.

मी बिल्ला एप्रनच्या खिशात टाकला. "नोंद करून मग ठेवते," दानूताला म्हटलं.

ती भिंतीवरच्या फोटोपाशी थांबली. "किती कोवळा आहे हा. कोण?"

"माझा भाऊ. आग लागली तेव्हा एकाला शोधायला खाली उतरला."

"अरे देवा!" तिनं छातीवर क्रूस केला. "आणि तो माणूस? सापडला का?"

लहसेन माझ्याकडे टक लावून बघत होता. खिशातला बिल्ला माझ्या मुठीत गरम झाला होता.

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर मी बसलेय."