बंद दाराआडचा तास

या घरात गंभीर आजारी मुलं आणि विशीतली तरुण मंडळी मुक्कामाला येतात. काही शेवटच्या दिवसांसाठी, बरीचशी आठवडाभरासाठी, घरच्यांनाही जरा पाठ टेकता यावी म्हणून. बागेकडच्या खोलीत तेव्हा बावीस वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे मॅडम म्हणत, कारण ती सतत हुकूम सोडायची. उशी एक बोट वर, पडदा अर्धा, चहा कोमट. स्नायू झिजवणाऱ्या आजाराने तिच्या ताब्यात दोन बोटं आणि थोडीशी मान एवढंच ठेवलं होतं. नाकावर मास्क, शेजारी श्वासाचं मशीन. डॉक्टर आता पुढच्या वर्षाबद्दल बोलत नसत, आणि ते का बोलत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी विचारलं, "मॅडम, आठवडाभर काय काय करायचं? सिनेमा आहे, रंग आहेत, गाणी आहेत."

"दार लावून घ्यायचं."

"म्हणजे?"

"तुम्ही बाहेर, मी आत. एक तास. मला कळायला लागल्यापासून मी कधी एकटी राहिलेच नाहीये, सिस्टर. माझ्या आंघोळीलासुद्धा शिष्टमंडळ असतं."

ज्यांना स्वतःचा मास्क सरळ करता येत नाही त्यांच्याजवळ कोणीतरी असावं, असा तिथला नियम. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. बोलावण्याचं बटण गालाशी असेल आणि दाराबाहेर माणूस बसलेला असेल तर एक तास चालेल, असं ते म्हणाले.

दुपारी दार लागलं आणि थोड्याच वेळात मशीन कोकललं. सिस्टर धावत आत गेल्या. मास्क जागेवर होता, श्वास ठीक होता. मॅडमने फक्त खिडकीकडे मान वळवली होती. दार पुन्हा लागलं, मशीन पुन्हा ओरडलं. तिसऱ्या खेपेला मॅडम म्हणाली, "राहू द्या. याला एकांत नाही म्हणत, याला वर्दळ म्हणतात."

कारण सापडायला वेळ लागला नाही. मशीन घरून आलेलं होतं आणि घरी ते आईच्या हाताखाली होतं. स्वयंपाकघर लांब पडतं, मिक्सर चालू असला की काही ऐकू येत नाही, म्हणून मशीन बसवायला आलेल्या माणसाकडून आईने बटणं शिकून घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा धोक्याच्या सूचनेचा आवाज तिने मोठा आणि सूचना बरीच हळवी करून ठेवली होती. मास्क केसभर हलला तरी बोंब. घरी त्याने काही बिघडत नसे. आई तशीही तिथेच असायची.

आता ते पूर्ववत करायला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण घरून आलेल्या मशीनला घरच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही इथली पद्धत. मशीन परत त्याच घरी जाणार, तिथल्या माणसाला ते ओळखीचं राहिलं पाहिजे. सिस्टरनी आईला फोन केला.

आईला या आठवड्यात फक्त झोपायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हजर झाली. हातात धुतलेले मोजे होते. ते कोणी मागितले नव्हते.

सगळं ऐकून घेतल्यावर ती लेकीकडे वळली. "आत काय करणार आहेस तू?"

"काही नाही."

"काही न करायला दार कशाला लागतं?"

"तू समोर असलीस की विचारतेस, कसला विचार करतेयस. मग मला काहीतरी सांगावं लागतं."

"नको सांगूस."

"मग विचारतेस, गप्प का."

सिस्टर मशीनची नळी उगाचच नीट करू लागल्या.

"आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"तू शेजारी बसलेली असतानाही होणारच आहे, आई."

"बघा सिस्टर, हिच्या जिभेला काही हाड आहे का! एवढा एकच स्नायू शाबूत राहिलाय."

"तो तुझ्याकडून आलाय," मॅडम म्हणाली. मग, दोन श्वासांनंतर, "मला फक्त बघायचंय गं, एकटं असलं की कसं असतं ते. बाकीच्यांना ते आपोआप मिळतं."

"मला कुठे मिळालंय?"

"मग तूही बघ. बाहेर बाक आहे."

आई मशीनपुढे जाऊन उभी राहिली. मग तिने बटणं दाबायला सुरुवात केली. मशीनच्या पडद्याकडे तिला बघावं लागत नव्हतं. "आवाज मात्र कमी करणार नाही हं. आधीच सांगून ठेवते."

"नको करूस."

तिने मास्कचा पट्टा तपासला, बटण गालाशी सरकवलं, पांघरूण ओढलं, पुन्हा पट्टा तपासला.

"आई."

"जातेय गं बाई."

सिस्टरनी दार ओढून घेतलं. आई बाकावर बसली. सिस्टरनी चहा दिला, तो तिने नुसता हातात धरून ठेवला. आतून मशीनचा श्वास ऐकू येत होता, एका लयीत. आईचाही श्वास त्याच लयीत चालला होता. बऱ्याच वर्षांची सवय असावी. खोलीत काय चाललं होतं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

अर्धा तास होऊन गेला असेल आणि बोलावण्याची घंटी वाजली. आई ताडकन उठली, चहा साडीवर सांडला.

"बसा, मी बघते," म्हणत सिस्टर आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"काय झालं?"

"कान खाजत होता. पट्ट्याखाली."

"डावा."

"हो, डावा."

"मला बोलावलं?"

"नाही."

आई खाली बसली. साडीवरचा डाग पदराने टिपू लागली. मग तिचं लक्ष समोर गेलं. फरशीशी अडकून दार बोटभर उघडं राहिलं होतं.

ती उठली. मूठ धरून दार थोडं वर उचललं, आत न बघता ओढलं आणि खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत हात सोडला नाही.