टोपीवाल्याचं इंग्रजी

अदीबाने जेवणाच्या टेबलाच्या कडेला टॉवेलची गुंडाळी ठेवली, तिच्यावर उशी रचली आणि सासऱ्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळ अलगद त्या उशीवर टेकवलं. गनीभाईंना आता फक्त फरशी दिसत होती. फरशीचे चार चौकोन, टेबलाचा एक पाय आणि बाजूच्या सोफ्यावर बसलेल्या बायकोची पावलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्या डोळ्याला एवढंच जग. डोळ्याचा पडदा सरकला म्हणून मंगळवारी ऑपरेशन झालं, आत गॅसचा बुडबुडा भरला, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पाच दिवस मान खाली म्हणजे खाली. झोपायचं पालथं, बसायचं ओणवं. आज शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजलाही जाता आलं नव्हतं, त्यामुळे स्वारी सकाळपासून कुरकुरत होती.

म्हणूनच सुनेने हा घाट घातला होता. टीव्हीवर शोधता शोधता तिला टोपीवाल्याचा सिनेमा सापडला होता. तोच, ज्याच्या गोष्टी सासूबाईंच्या तोंडून ऐकून ऐकून तिला पाठ झाल्या होत्या. आणि गंमत म्हणजे खाली उर्दूत सगळं लिहून येत होतं. बाबांनी नुसतं ऐकायचं, मम्मींनी वाचायचं. इतकी वर्षं बाबा मम्मींना सांगायचे, आज मम्मी बाबांना सांगतील.

गनीभाईंनी उशीवरून कपाळ उचललं, अदीबाने ते पुन्हा खाली टेकवलं.

हा टोपीवाला म्हणजे जुन्या काळचा एक अमेरिकन नट. अंगाने काटकुळा, कान हे एवढे, रूप म्हणाल तर चारचौघांत उठून दिसणारं नव्हे. पण डोक्यावर तिरकी टोपी ठेवून जिन्यावर उभा राहिला, की हाडं घरी काढून ठेवून आल्यासारखा नाचायचा. गोष्ट साधीच. मोठ्या हॉटेलातला वेटर एका मुलीला आपण मालक असल्याची थाप मारतो, आणि मग दीड तास नुसती धांदल, गाणी आणि नाच. नट जाऊन जमाना झाला, तरी त्याचा जिन्यावरचा नाच पोरं अजून मोबाईलवर करून टाकतात, असं अदीबा सांगत होती.

सासूबाई शरीफुन्निसा हर्णैच्या. वडील उर्दू शाळेत मास्तर. लग्न ठरवताना मास्तरांनी हुंडा-बिंडा काही काढला नाही, एकच विचारलं, मुलाला इंग्रजी येतं का. गनीभाई म्हणजे बहारीनला नोकरी करणारा मुलगा, कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ. तो खुशाल हो म्हणाला. आता तिथे सलमाबादच्या गोदामात पाइप उचलणाऱ्या माणसाला किती इंग्रजी येणार? यस सर, नो सर आणि टुमारो सर. पण मास्तर खूश झाले आणि निकाह झाला.

चौऱ्याऐंशी साली शरीफुन्निसा बहारीनला, मुहर्रकच्या एका खोलीत राहायला आल्या आणि दोन महिने रडल्या. कशालाच बोलायच्या नाहीत. खिडकीशी उभं राहून उतरणारी विमानं बघायच्या आणि आपलं परतीचं तिकीट कधी, एवढंच विचारायच्या. अशाच एका संध्याकाळी गनीभाई अँटेना फिरवत होते आणि समुद्रापलीकडच्या इंग्रजी चॅनेलवर टोपीवाला लागला. तो जिन्यावरून घसरला, घसरता घसरता नाचला, आणि शरीफुन्निसा खुदकन हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग त्यांनी विचारलं, काय म्हणतोय तो?

गनीभाईंनी ठोकून दिलं. त्यांच्या गोष्टीतला टोपीवाला परमुलखात नोकरीला आलेला, साधा, कष्टाळू माणूस होता. मुलगी त्याची नवी नवरी. तिला घराची आठवण येते, आणि तो बिचारा तिचं मन रमावं म्हणून नाच काय करतो, गाणी काय म्हणतो. राहा गो, असं प्रत्येक गाण्यात सांगतो. गनीभाईंना स्वतःच्या तोंडाने जे सांगायला जमत नव्हतं, ते सगळं त्यांनी त्या काटकुळ्या माणसाच्या तोंडी घातलं. शरीफुन्निसांनी परतीच्या तिकिटाचं पुन्हा विचारलं नाही. पुढे गनीभाईंनी मनामाच्या बाजारातून त्याची कॅसेट आणली, आणि कितीतरी शुक्रवारी दोघांनी ती पाहिली. हर्णैला पत्रं गेली की आमचे हे इंग्रजी सिनेमा शब्द न् शब्द उलगडून सांगतात. मास्तरांनी ती पत्रं गावभर वाचून दाखवली.

मग हळूहळू इंग्रजी खरंच आलं. गोदामात बढती मिळाली, स्टोअरकीपर झाले, साहेबाशी वाद घालण्याइतके पटाईत झाले. आणि एका शुक्रवारी, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर, गनीभाईंना टोपीवाला समजला. मागच्या जिन्यावरचा तो प्रसंग. गनीभाईंच्या गोष्टीत तिथे मुलीच्या आईचं पत्र येत असे. खरा टोपीवाला म्हणत होता, मी तुला फसवलं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनने टेप खाल्ली असं जाहीर केलं आणि कॅसेट कचऱ्यात टाकली. मुलगा नावेद फुटबॉलमध्ये बुडालेला, त्याला जुन्या सिनेमाचं सोयरसुतक नव्हतं. बिंग झाकलं ते कायमचं, असं गनीभाई धरून चालले होते. या बाईच्या नजरेत आपली सगळी किंमत त्या इंग्रजीवर उभी आहे, हे त्यांच्या मनाने कधीच घेतलं होतं. गोदामात काय ओझी उचलली, ते तिला कधी कळू दिलं नव्हतं. इंग्रजी मात्र तिने पाहिलं होतं, गावाला सांगितलं होतं.

आणि आता उर्दू! मास्तरांच्या मुलीला उर्दू वाचता येत नाही, असं तर म्हणता येणार नव्हतं.

त्यांनी आढेवेढे घेऊन पाहिले. मान दुखते म्हणाले. आवाजाने डोळ्यावर ताण येतो म्हणाले. शरीफुन्निसा म्हणाल्या, कानाचा आणि डोळ्याचा काय संबंध, गप पडा. मग गनीभाईंनी शेवटचा डाव टाकला, की लिहिलेलं वाचत बसलं की नाच हुकतो, ते खालचं बंद करा, मी सांगतो पूर्वीसारखं.

"तुम्ही आयुष्यभर सांगितलंत," शरीफुन्निसा म्हणाल्या. "आज मला वाचू द्या."

बाजा वाजला, सिनेमा सुरू झाला. गनीभाईंनी डावा डोळाही मिटून घेतला. हॉटेलचा मॅनेजर ओरडला, नऊ नंबरच्या टेबलावरचं सूप थंड झालं, कुठे मेला होतास? इंग्रजी स्वच्छ होतं, एकेक शब्द कळत होता. गनीभाईंच्या गोष्टीत इथे मॅनेजर प्रेमाने विचारायचा, गावाकडे सगळं ठीक ना? 

"मॅनेजर विचारतोय, गावाकडे सगळं ठीक ना," शरीफुन्निसांनी वाचलं.

गनीभाईंनी डोळा उघडला. फरशी होती तिथेच होती. त्यांना वाटलं, बाईने चष्मा लावलेला नाही, आठवणीतूनच सांगतेय. बरं झालं. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी चष्म्याचं विचारलं.

"लावलाय की," त्या म्हणाल्या. "स्वच्छ दिसतंय."

मग त्यांना वाटलं, उर्दूत लिहिणाराही आपल्यासारखाच थापाड्या असणार. पण तेवढ्यात अदीबा फिस्सकन हसली. सूप सांडण्यावरून मॅनेजरने टाकलेल्या टोमण्यावर, बरोबर जिथे हसायला हवं तिथे. अदीबाला इंग्रजी येतं, उर्दूही येतं. शिकवते ती शाळेत. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "पण मम्मी, तिथे तर लिहिलंय की—"

आणि गनीभाईंनी पाहिलं. शरीफुन्निसांचं उजवं पाऊल सोफ्याखालून पुढे सरकलं आणि शेजारी बसलेल्या सुनेच्या पावलावर जाऊन बसलं. टाच नाही, नुसती बोटं. अदीबाच्या पायाचा अंगठा जरा आक्रसला. तिचं वाक्य तिथेच राहिलं. पुढे तिने सिनेमाभर एक अक्षर काढलं नाही.

गनीभाईंना घाम फुटला. ओणव्या माणसाला घाम पुसताही येत नाही.

सिनेमा पुढे चालला. मुलगी हॉटेलात काम मागायला आली. शरीफुन्निसांनी सांगितलं, नवी नवरी बोटीतून उतरली. टोपीवाल्याने छाती फुगवून आपण मालक असल्याचं सांगितलं. शरीफुन्निसांनी सांगितलं, दमली असशील, आधी चहा घे, असं म्हणतोय. एकही वाक्य चुकलं नाही. कुठे कुठे गनीभाई स्वतः विसरले होते की आपण इथे काय ठोकलं होतं, तेही या बाईने जसंच्या तसं जपून ठेवलेलं. मध्ये जिन्यावरचा नाच आला तेव्हा मात्र वाचायला काही नव्हतं. मग त्यांनी आपणहून सांगायला घेतलं. दोन पायऱ्या उतरला बघा. आता कठड्यावर चढला. टोपी पडतेय, पडतेय, घेतली गुडघ्यावर. सांगताना त्यांची पावलं फरशीवर हलकेच ताल धरत होती. गनीभाई इतक्या शुक्रवारी टीव्हीकडेच बघत बसले होते. बायको पायाने नाचते, हे त्यांना आज दिसत होतं. त्यांना इतकं भरून आलं की पट्टीखालचा डोळा ठणकायला लागला.

आणि मागचा जिना आला.

बाजा थांबला. टोपीवाल्याने टोपी काढली असणार, कारण त्याचा आवाज एकदम साधा झाला, माणसासारखा. तो हळूहळू बोलत होता. गनीभाई वाट पाहत राहिले, की आता शरीफुन्निसा सांगतील, आईचं पत्र आलंय. पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची पावलंही थांबली होती. टोपीवाला बोलतच होता आणि घरात त्याचं ऐकणारं एकच माणूस असल्यासारखी शांतता होती. इथे गप्प बसलं तर चाळीस वर्षं जशी गेली तशी पुढचीही जातील, हे गनीभाईंना कळत होतं. बाईने दार उघडं ठेवलं होतं, आत यायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

"तो म्हणतोय," गनीभाई फरशीला सांगू लागले.  "तो म्हणतोय, मी मालक-बिलक कोणी नाही. साधा वेटर आहे. ओझी उचलतो. तुझ्यासमोर मोठं दिसावं म्हणून खोटं बोललो. आणि नंतर सांगायला तोंड झालं नाही."

ओझ्यांचं टोपीवाला काही बोलला नव्हता. पण तेवढं चालून गेलं.

अदीबा उठली. स्वयंपाकघरात तिचं काही काम निघालं असावं. पडद्यावरची मुलगी बोलायला लागली आणि गनीभाईंनी कान टवकारले. इंग्रजी त्यांना पुरतं कळत होतं. ती चिडून म्हणत होती, तू माझा पोरखेळ केलास, सगळ्या गावासमोर मला मूर्ख बनवलंस, पुन्हा तोंड दाखवू नकोस. एकेक शब्द त्यांच्या टाळूवर पडत होता. खाली उर्दूतही तेच उमटत असणार.

शरीफुन्निसांनी घसा साफ केला.

"ती म्हणतेय, मला ठाव होतं," त्यांनी वाचलं. "आले त्या वर्षीच. दाराशी आलेल्या साहेबाला तुम्ही फक्त यस सर म्हणायचात, तेव्हाच. मास्तरांची मुलगी आहे मी. पण तुम्ही जे सांगायचात, ते मला ऐकायचं होतं. म्हणून राहिले."

 फरशीचे चारही चौकोन एकमेकांत मिसळून गेले होते.

तेवढ्यात टीव्हीवर जिन्याचं दार धाडकन आपटलं. मुलगी तरातरा निघून गेली होती. ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"मग दार का आपटलं?" गनीभाईंनी विचारलं.

"वारा असेल," शरीफुन्निसा म्हणाल्या.