सहा नंबरचा डोस

फोन चौथ्यांदा वाजू लागला तसा मृणालने तो उपडा केला आणि पोळपाटाखाली सरकवला. पोळपाट थोडा वेळ गुरगुरत राहिला, मग गप्प झाला. सव्वासहा झाले होते. हर्षद पहिल्या पाळीला थळच्या कंपनीत निघून गेला होता आणि मागच्या पडवीत सासूबाई सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मनुबाईंना ऐकायला कमी येई, पण सुनेने फोन उचलला नाही हे त्यांना भिंतीपलीकडूनही कळे.

“कुनाचा गं?”

“सिमकार्डवाल्यांचा.”

“इतक्या सकाली?”

फोन अमिषाचा होता. रात्रपाळीची नर्स सकाळी सहाला घरी फोन करते ती काही ख्यालीखुशाली विचारायला नव्हे. आठ वाजता मृणाल अलिबागच्या हॉस्पिटलात पोचून तिच्याकडून वॉर्ड ताब्यात घेणारच होती. मग त्याआधी एवढं काय नडलं होतं? मध्ये एक मेसेजही येऊन गेला होता. मृणालने उघडेपर्यंत तो पुसलेला होता. काहीतरी लिहिलं होतं आणि ते काढून टाकलं होतं, एवढंच काय ते कळत होतं.

खरं तर काय ते तिला ठाऊक होतं. पहाटे चहाचं आधण ठेवताना एकदम आठवलं होतं आणि हातातली साखर ओट्यावर सांडली होती.

काल ती दुपारपाळीला होती. सहा नंबरच्या खाटेवर थळचे अंबाजी होते, सत्तरीचे, पायाच्या जखमेने आणि मधुमेहाने बेजार. त्यांना रात्रीच्या जेवणाआधी, साडेसातला, सोळा युनिट इन्शुलिन द्यायचं असे. जुनी बाटली सकाळीच संपली होती. त्यांच्या मुलीने संध्याकाळी नवी आणून दिली, मृणालने तिच्यावर नावाची पट्टी चिकटवली आणि फ्रिजमध्ये ठेवली. सव्वासातला रेवदंड्याच्या रस्त्यावर टेम्पो उलटून पाच जण आले, आणि तिला खाली पळावं लागलं. वर आली तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. अमिषा ओव्हर घ्यायला उभी होती. ओव्हर म्हणजे एकेका खाटेपाशी थांबून पुढच्या पाळीला पेशंट सोपवायचा. कालची ओव्हर नातेवाइकांच्या गलक्यात, चालता चालताच झाली. “बाकी सगळं चार्टवर आहे,” असं म्हणून मृणालने एसटी गाठली होती.

नवी बाटली तिने उघडलीच नव्हती. आणि चार्टवर साडेसातच्या चौकोनात तिची सही होती, दुपारी दोनला केलेली. पाळी सुरू झाली की पुढच्या सगळ्या चौकोनांत सह्या ठोकून मोकळं व्हायचं आणि मग डोस देत फिरायचं, ही त्या वॉर्डची रीतच पडून गेली होती. सगळ्याच करत. अमिषा नवी होती तेव्हा तिला हे मृणालनेच शिकवलं होतं.

साडेनऊला डॉक्टरांचा राऊंड. अंबाजींची सकाळची शुगर चढलेली असणार. डॉक्टर चार्ट बघतील, सोळा युनिट देऊनही शुगर उतरली नाही म्हणतील, आणि डोस वाढवतील. मग आज रात्री म्हाताऱ्याची शुगर नको तेवढी खाली जाईल. तसा एक माणूस मृणालने पाहिला होता. घामाने चिंब झाला होता, बोलता बोलता बरळायला लागला होता. त्याला परत आणताना सगळ्यांची दमछाक झाली होती. हे सगळं टाळायला एक वाक्य पुरेसं होतं. आणि नोकरी जायलाही तेवढंच एक वाक्य पुरणार होतं. दोन वर्षांपूर्वी रेवसच्या एका नर्सची खोटी सही सापडली, तिला दुपारच्या आत घरी पाठवलं होतं.

आणि अमिषाला ते वाक्य मृणालच्याच तोंडून हवं होतं.

इन्चार्ज फिरोजा सिस्टर दिवाळीनंतर मुलाकडे कुवेतला जाणार होत्या. त्यांची जागा मृणालला मिळावी हे अकरा वर्षांच्या नोकरीनंतर कुणालाही पटलं असतं. पण अमिषा तीन वर्षांत इंग्रजी रिपोर्ट लिहायला लागली होती, डॉक्टर तिला नावाने हाक मारत होते. कानामागून आली आणि तिखट झाली. सोमवारी तर ती सिस्टरांच्या केबिनमध्ये दार लोटून अर्धा तास बसली होती, आणि बाहेर आली ती मृणालकडे न बघता निघून गेली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. आता ती फोनवर गोड आवाजात विचारील, ताई, सहा नंबरचा डोस दिला होतात ना? आणि बोलणं सगळं फोनमध्ये साठवलं जाईल. हल्ली कुणाचा भरवसा धरावा? मृणालला तो गोड आवाज ऐकूसुद्धा यायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असंच लख्ख पडत असावं.

तिने गॅस बंद केला आणि पडवीत आली.

“आई, मी आज जात नाही. सिस्टरांना फोन करते. ताप आहे म्हणून सांगा.”

फिरोजा सिस्टरांकडे मेसेजवरचं आजारपण चालत नसे. फोन करावा लागे, वर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्याशी बोलावं लागे. लक्षणं पाठ असलेल्या बायकांच्या आजारावर विश्वास ठेवायचा कुणी, असं त्या उघड म्हणत.

मनुबाईंनी हातातला विळा खाली ठेवला.

“खरा हाय का खोटा?”

“खोटा.”

“दिवस गेलं काय तुला?”

“नाही हो आई. तेवढं सांगा म्हटलं ना.”

“न्हाय, म्या सांगंन. पन मला तरी खरं सांगायचंस.”

मृणालने नंबर लावला, कण्हल्यासारखं दोन वाक्यं बोलली आणि फोन सासूबाईंच्या कानाला धरला. मनुबाई उभ्या आयुष्यात कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या असं गावात मानलं जाई. पण आता त्या असं काही बोलल्या की मृणाल बघतच राहिली. पोरीचं अंग कसं भाजतंय, रातभर डोळ्याला डोळा कसा न्हाय, आता दोन घोट पेज कशी बळंच पाजली. पलीकडून सिस्टर हळहळल्या. झोपू द्या तिला म्हणाल्या.

“झालं?” मनुबाईंनी फोन परत दिला आणि पुन्हा विळा उचलला.

सात वाजून गेले. त्यानंतर अमिषाचा फोन आलाच नाही. याने मृणालला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती दर मिनिटाला फोन उचलून बघायला लागली. आजारपणाची बातमी वॉर्डवर पोचली असणार. सही करणारी दडून बसली, यापेक्षा मोठा पुरावा अमिषाला कशाला हवा?

न्हाणीघराशी उभी राहून तिने स्वतःशी तडजोड केली. झाकण न फोडलेली बाटली अमिषाला सापडली आहे, त्याशिवाय ती पहाटेपासून मागे लागली नसती. ती आठला घरी जाण्याआधी चुगली करणारच. केली की डोस वाढायचा नाही, म्हणजे अंबाजी वाचले. बुडाली तर एकटी मृणाल बुडेल. आणि नाहीच केली, तर आपण साडेनऊच्या आत वॉर्डवर फोन करू, नाव न सांगता का होईना. हा हिशेब तिला बरा वाटला. मग तिने दोनदा केर काढला.

नऊ वीसला तिने वॉर्डचा नंबर लावला. घंटा एकदाच वाजली.

“हॅलो, जनरल वॉर्ड.”

अमिषाचा आवाज. मृणालने फोन कट केला. आठला ड्युटी संपलेली मुलगी नऊ वीसला वॉर्डमध्ये काय करत होती? राऊंडची वाट बघत होती, दुसरं काय. डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर सांगायला. एवढी हौस. मृणालचे कान तापले. पुन्हा फोन लावायला हवा होता आणि तिने तो लावला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. अंबाजींना लावण्या पाठ होत्या. ड्रेसिंग करताना दुखलं की ते मोठ्याने एखादी ओळ म्हणत आणि सगळा वॉर्ड हसे. काल दुपारीही म्हणाले होते. तिला आता मनापासून भीती वाटत होती आणि ती कुणासाठी, अंबाजींसाठी की स्वतःसाठी, हे तिला निवडून काढता येत नव्हतं.

अकराच्या सुमाराला वाडीच्या बेड्यापाशी, बांबूच्या फाटकाशी, स्कूटर थांबली. अमिषा उतरली. अलिबागहून रेवदंड्याला घरी जाताना मृणालचं चौल वाटेतच लागतं, पण ती याआधी कधी आत आली नव्हती. युनिफॉर्मवर जाकीट, डोळे सुजलेले, केस सुटलेले.

“ताई, ताप कसा आहे?”

सिस्टरांनीच हिला तपासायला पाठवलं असणार. मृणाल ओटीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि आधी तिने अमिषाच्या हातांकडे पाहिलं.

“फोन कुठाय तुझा?”

“बंद पडला. रात्री चार्जिंग राहिलं आणि सकाळी तुम्हाला लावून लावून संपला.” अमिषा पायरीवर बसली. “आत येत नाही. एकच विचारायचंय. काल ओव्हर देताना तुम्ही मला सांगितलं होतं ना, सहा नंबरची नवी बाटली आत्ताच आलीय, डोस तू दे म्हणून?”

मृणाल तिच्याकडे बघत राहिली.

“सकाळी बाटली काढली तर झाकण तसंच. तुम्ही काही विसरणार नाही, म्हणजे डोस माझ्यावर सोडला होता. त्या गोंधळात तुम्ही बोलला असाल, मी हो म्हटलं असेल. पण मला आठवतच नाही हो ताई. सकाळपासून डोक्याला ताण देतेय. म्हणून फोन करत होते. मेसेज लिहिला, पुन्हा म्हटलं, लेखी नको. कुणी बघितला तर सही तुमची, उगाच तुमच्यावर यायचं. मग कळलं तुम्ही तापाने पडलायत, म्हणून परत फोन केला नाही.”

“डॉक्टरांना कळलं?”

“मीच सांगितलं. तुमच्या जागी दुसरी यायला दहा वाजले, तोवर वॉर्ड सोडून जाणार कशी? राऊंडला मीच होते. म्हटलं, डोस माझ्याकडून राहिला. त्यांनी सोळाच ठेवलेत. अंबाजीबाबा ठीक आहेत, पाव मागत होते.”

मृणाल ओटीच्या कडेवर बसली. म्हातारा ठीक होता. डोस सोळाच होता. आणि तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

“सांगितलं होतं ना ताई?”

सुटकेचा रस्ता इतका मोकळा होता की तिला वळूनही बघावं लागलं नाही.

“हो,” मृणाल म्हणाली. “सांगितलं होतं.”

“वाटलंच मला.”

अमिषा चिडली नाही, तिने वाद घातला नाही. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ती अंगणातल्या सुपाऱ्यांकडे बघत बोलू लागली.

“सॉरी हं,” ती म्हणाली. “सिस्टरांनी लिहून मागितलंय. उद्या देते आणि नोकरी सोडते. डोक्यातून इतकं स्वच्छ पुसलं गेलं, म्हणजे उद्या मी एखाद्याला डोस दोनदा द्यायची. आईचं असंच सुरू झालं होतं, पन्नाशी व्हायच्या आत. आधी गॅस विसरायची. आता मला ताई म्हणते. सोमवारी सिस्टरांना तेच सांगत होते, तिला एकटी ठेवता येत नाही, मला रात्रपाळ्या नकोत. मला वाटलं होतं माझ्यापर्यंत यायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.”

ती उठली. “तुम्ही झोपा ताई. पाणी भरपूर प्या.”

मृणालला शरम वाटली. सकाळपासून या मुलीच्या तोंडी तिने किती वाक्यं घातली होती, आणि मुलगी मात्र पहाटेपासून स्वतःलाच धारेवर धरत बसली होती. ओटीच्या दारात मनुबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. सुनेकडे एकदा बघून त्या आत गेल्या.

अमिषा बेड्यापर्यंत पोचली. तिने हेल्मेट घातलं, पट्टा लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. स्कूटर सुरू झाली.

“अमिषा, थांब जरा.”

मृणाल आतून फोन घेऊन आली ती तशीच अनवाणी अंगणात उतरली. नंबर लावला आणि स्कूटरच्या हँडलवर दुसरा हात ठेवून उभी राहिली. पलीकडे फोन उचलला गेला.

“फिरोजा सिस्टर, मृणाल बोलतेय,” ती म्हणाली. “मला ताप नाहीये.”

अमिषाने चावी फिरवून गाडी बंद केली.